पाऊस आपला आपण पडतो, घोडा मात्र आईने दिलेला असतो

या आठवड्याचं पत्र एका २९ वर्षांच्या मुलीचं आहे, नाव-गाव देत नाही. ती बँकेत नोकरी करते आणि गेली दोन वर्षं रात्री घरचं सगळं आवरलं की कादंबरी लिहायला बसते. सानिका आणि ओंकारची गोष्ट, ओळख होण्यापासून लग्न ठरेपर्यंतची, साधारण ४६ हजार शब्द झालेत. मागच्या महिन्यात तिने लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींच्या ग्रुपमध्ये ती वाचून दाखवली आणि सगळ्यांचं एकच मत पडलं, सानिका मस्त उभी राहिलीये पण घडत काहीच नाही. एकाने सुचवलं घाटात एक ॲक्सिडेंट टाक, एकीने सुचवलं ओंकारची जुनी गर्लफ्रेंड परत आण. ती विचारते, "माझं सगळ्यात आवडतं पुस्तक प्राइड अँड प्रेज्युडिस. त्यात तरी काय घडतं हो? नाचाचे कार्यक्रम, चहा, पत्रं, फिरायला जाणं. तरी ते हातातून सुटत नाही. मग मी कुठे चुकले? आधी प्लॉट ठरवायला हवा होता की आधी कॅरेक्टर? सगळं डिलीट करून नव्याने सुरू करावं असं वाटतंय. ताई, खरं सांगा." पत्रासोबत तिने पहिली तीन प्रकरणं पण पाठवलीत.

अगं, पहिली गोष्ट म्हणजे काहीही डिलीट करू नकोस. का ते पुढे सांगते, पण आज रात्री रागारागात लॅपटॉप उघडणार असशील तर आधी एवढं वाच.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडले, "त्यात तरी काय घडतं हो". मला वाटतं तुझी सगळी अडचण त्या वाक्यात आहे. तू आणि तुझा ग्रुप, दोघांनीही असं धरलंय की कॅरेक्टर हा एक डबा आणि प्लॉट हा दुसरा डबा, तुझा पहिला काठोकाठ भरलाय आणि दुसरा रिकामा आहे, तर आता दुसऱ्यात काहीतरी घाला. मग घालायला सगळ्यात सोपं काय, तर ॲक्सिडेंट आणि जुनी गर्लफ्रेंड. हा वाद तसा फार जुना आहे बरं का, ॲरिस्टॉटलने शोकांतिकेबद्दल बोलताना कथानकाला आत्मा म्हटलं आणि स्वभावाला दुसरा नंबर दिला, आणि कादंबरीकार हेन्री जेम्सने १८८४ मध्ये उलट विचारलं की घटना ठरवतो तो स्वभावच नाही का आणि स्वभाव दाखवते ती घटनाच नाही का. मी जेम्सच्या बाजूची आहे. पण मोठ्यांची नावं घेऊन तुला काही फायदा नाही, तू हे पुस्तक माझ्यापेक्षा जास्त वेळा वाचलं असशील, तर त्याच्यातच शिरू.

ॲक्सिडेंटपासून सुरुवात करू, कारण प्राइड अँड प्रेज्युडिस लिहिणाऱ्या जेन ऑस्टिनच्या गोष्टीत पण एक ॲक्सिडेंट आहे, आपल्या तो ॲक्सिडेंट म्हणून लक्षात राहत नाही एवढंच. सातवं प्रकरण काढ. बेनेटांच्या पाच मुलींपैकी थोरल्या जेनला नेदरफिल्डहून, म्हणजे बिंगली नावाच्या श्रीमंत तरुणाच्या घरून, जेवायचं आमंत्रण येतं, ती बग्गी मागते, आणि आई म्हणते बग्गी नको, घोड्यावर जा, आभाळ आलंय, पाऊस आला की रात्री तुला तिथेच ठेवून घेतील. पाऊस येतो. जेन भिजते, आजारी पडते, तिथेच राहते. दुसऱ्या दिवशी बहिणीची काळजी वाटून दुसरी मुलगी एलिझाबेथ, म्हणजे गोष्टीची नायिका, एकटी निघते, तीन मैल, शेतांमधून, डबक्यांवरून उड्या मारत, आणि चिखलाने भरलेले पाय घेऊन त्या श्रीमंत घराच्या न्याहारीच्या खोलीत जाऊन उभी राहते. बिंगलीच्या बहिणी तिच्या परकराला लागलेला सहा इंच चिखल मोजतात. बिंगलीचा मित्र, नायक डार्सी, त्याला मात्र चालून आल्याने तिचा चेहरा जास्तच तजेलदार वाटतो, आणि त्याच वेळी एवढ्याशा कारणासाठी एकटीने एवढं लांब यावं का असंही त्याच्या मनात येतं, दोन्ही एकदम.

आता मला सांग, यात प्लॉट कुठला आणि कॅरेक्टर कुठलं? पाऊस आपला आपण पडला हे खरं, पण घोडा आईने दिला. आणि एकदा पाऊस पडल्यावर आईची हाव, जेनचं निमूट ऐकणं, एलिझाबेथची माया आणि लोक काय म्हणतील याची पर्वा नसणं, बिंगलीच्या बहिणींचा कोतेपणा, डार्सीची ओढ आणि त्याचा अहंकार, एवढी सगळी माणसं एका चिखलात उघडी पडली, आणि पुढचे चार-पाच दिवस सगळे एका छताखाली आले ते वेगळंच. तुझ्या घाटातल्या ॲक्सिडेंटला मी हाच प्रश्न विचारीन. घोडा कुणी दिला? ओंकारची गाडी नुसतीच घसरली तर ते हवामान झालं. पण समजा रात्रभर न झोपता सुद्धा स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही हा सानिकाचा हट्ट असेल, आणि गाडी ती चालवत असेल, तर मग टाक ॲक्सिडेंट, तो तिचाच आहे.

जुन्या गर्लफ्रेंडचं पण तसंच आहे, बाहेरून नवं माणूस आणून भांडण लावता येतं, पण ते भांडण त्या माणसाबरोबर येतं आणि त्याच्याबरोबरच जातं, तुझ्या दोघांना काही होत नाही. विकम, तो गोडबोल्या लष्करी अधिकारी, पण बाहेरून येतो हे खरं, पण तो एलिझाबेथला फसवू शकतो ते तिच्यात आधीच एक जागा तयार असते म्हणून. त्याच्याकडे येतेच.

त्याआधी बिंगलीबद्दल एक गोष्ट, कारण ही मला स्वतःला कितीतरी वर्षं दिसली नव्हती. मी हे पुस्तक पहिल्यांदा १९ वर्षांची असताना कॉलेजच्या लायब्ररीतून आणून वाचलं, डार्सीसाठी वाचलं, आणि नेदरफिल्डमधल्या त्या लांबलचक गप्पा भराभर उलटून पुढे गेले. पुढे पस्तिशीत पेन्सिल घेऊन वाचायला बसले तेव्हा दहाव्या प्रकरणात थबकलेच. बिंगली आधी मोठ्या ऐटीत सांगून बसलेला असतो की मी जे करतो ते घाईत करतो, नेदरफिल्ड सोडायचं ठरवलं तर पाच मिनिटांत निघेन. आणि इथे डार्सी त्याला म्हणतो, तू घोड्यावर बसत असताना एखादा मित्र म्हणाला ना की बाबा पुढच्या आठवड्यापर्यंत थांब, तर तू बहुतेक थांबशील. सगळे हसतात, एलिझाबेथ बिंगलीची बाजू घेते, गप्पा पुढे जातात. आणि मग नोव्हेंबर संपता संपता काय होतं? बिंगली तीन-चार दिवसांच्या कामासाठी म्हणून लंडनला जातो, एक मित्र त्याला म्हणतो जाऊ नकोस परत, आणि तो जात नाही. जेनचं सगळं वर्ष त्यात जातं. म्हणजे पुढची एवढी मोठी घटना चहाच्या गप्पांमध्ये आधीच सांगून झालेली होती, तीही ज्याने ती घडवली त्याच्याच तोंडून, फक्त तेव्हा ती आपल्याला "स्वभाववर्णन" वाटली. तू ज्याला "काही घडत नाही" म्हणतेस ना, ते हे.

आणि जेनची बाजू पण बघ. सहाव्या प्रकरणात एलिझाबेथची मैत्रीण शार्लट सांगते की जेनने जरा दाखवायला हवं, मनात आहे त्याहून थोडं जास्तच दाखवलं तरी चालेल, नाहीतर तो बिचारा पुढे येणार नाही. एलिझाबेथ हसण्यावारी नेते. उलट जेनचं मन कुणाला कळत नाही याचं तिला बरंच वाटत असतं. तीस प्रकरणांनंतर एलिझाबेथला डार्सीचं पत्र येतं त्यात तो लिहितो की मी तुझ्या बहिणीकडे नीट लक्ष देऊन पाहिलं, ती हसतमुख होती, पण तिचं मन गुंतलंय असं काही मला दिसलं नाही. आणि तेव्हा एलिझाबेथला शार्लटचं बोलणं आठवतं. जेनचा अबोलपणा, बिंगलीचं दुसऱ्याच्या मतावर चालणं, डार्सीची मित्रासाठी आपणच ठरवायची सवय, या तीन स्वभावांची गाठ पडली की ताटातूट आपोआप होते, त्यासाठी खलनायक लागत नाही. बिंगलीची बहीण कॅरोलाईन आहे म्हणा मदतीला, पण ती नसती तरी हे झालंच असतं असं मला वाटतं.

आता तुझ्या सानिकाकडे येते, आणि इथे मी जरा स्पष्ट बोलणार आहे कारण तू खरं सांगा म्हणालीस.

तुझ्या दुसऱ्या प्रकरणात मैत्रिणीच्या लग्नात ओंकार उशिरा येतो, कुणाशी धड बोलत नाही आणि न जेवता निघून जातो. सुंदर सीन आहे, त्याच्या हातातला तो हेल्मेटचा पट्टा तो सारखा गुंडाळत असतो ते मला फार आवडलं. आणि मग तू काय करतेस, तर पुढच्याच परिच्छेदात सानिकाच्या मनात येतं की दमला असेल बिचारा, नाईट शिफ्ट करून आला असेल. आणि तसंच निघतं! तिने त्याला पहिल्याच भेटीत बरोब्बर ओळखलं आणि माझ्या मते तुझी कादंबरी तिथेच संपली. पुढचे ४० हजार शब्द दोन समजूतदार माणसं एकमेकांना समजून घेतायत. खऱ्या आयुष्यात अशी माणसं मिळाली तर देवाचे आभार मानावेत, पण गोष्टीला पाऊल टाकायला जमीनच राहत नाही.

तू सानिकावर माया करतेस म्हणून तिला चुकू देत नाहीस, हे मला ओळीओळीत दिसतं. आणि तुझ्या मनात बहुधा असं असावं की चुकली तर ती वाचकाला आवडणार नाही. हे गृहीतक जरा तपासून बघ. ऑस्टिनने पुस्तक हातात आल्यावर जानेवारी १८१३ मध्ये बहिणीला लिहिलं होतं की एलिझाबेथसारखी गोड मुलगी आजवर छापून आलीच नाही असं मला वाटतं, म्हणजे मायेत ती तुझ्यापेक्षा कमी नव्हती. आणि तरी याच मुलीला तिने अर्धं पुस्तकभर चूक ठेवलंय. कशी चूक ठेवलंय तेच शिकण्यासारखं आहे. मेरिटनच्या नाचाच्या वेळी डार्सी तिच्याबद्दल म्हणतो की बरी आहे, पण मला मोहात पाडण्याएवढी सुंदर नाही, आणि हे तिला ऐकू जातं. ती ते हसत हसत मैत्रिणींना सांगते. पण ते आत कुठेतरी रुततं. त्यानंतर विकम भेटतो, गोड बोलतो, आणि डार्सीने आपल्यावर कसा अन्याय केला ते सांगतो, आणि तिला ते खरं वाटायला हवंच असतं. तिची हुशारी, चटकन माणूस जोखणं, बोलण्यातली धार, हे जे आपल्याला तिच्यात आवडतं त्याच गोष्टीने ती फसते. तिच्या गुणाला एका बाजूला गोडी आणि दुसऱ्या बाजूला धार आहे, दोन वेगळे कप्पे नाहीत. वाचकाचं प्रेम त्याने कमी झालं का? मी तर पहिल्या वाचनात तिच्याबरोबरच विकमवर विश्वास ठेवला होता.

आणि ती एकटीच असं वागते असंही नाही. लाँगबॉर्न म्हणजे बेनेटांचं घर, पाचही मुली त्याच घरातल्या. वर्षाला २००० पौंडांची इस्टेट, पण ती फक्त पुरुष वारसाकडे जाणार असं कायद्याने बांधलेलं, म्हणजे वडील गेले की घर कॉलिन्स या नातेवाइकाचं, आणि मुलींच्या वाट्याला नावापुरते पैसे. भीती सगळ्यांना सारखीच. तरी जेन वाट बघते, सगळ्यात धाकटी लिडिया विकमबरोबर पळून जाते, आणि एलिझाबेथ त्याच कॉलिन्सला नाही म्हणते ज्याला हो म्हटलं असतं तर ते घर वाचलं असतं. आणि शेजारची शार्लट, वय २७, त्याच माणसाला हो म्हणते, कॉलिन्स तीन दिवसांत दोघींना मागणी घालतो. परिस्थिती एक, उत्तरं वेगळी. मी कुणालाही कादंबरी लिहिताना हा खेळ करून बघायला सांगते, सीनमधली माणसं अदलाबदल करून बघ. हन्सफर्डला, कॉलिन्सच्या गावी, डार्सीच्या पहिल्या मागणीच्या वेळी एलिझाबेथच्या जागी जेन असती तर? तिने कुणाला न दुखावता मोघम काहीतरी सांगितलं असतं, भांडण झालं नसतं, पत्र आलं नसतं. शार्लट असती तर तिथेच लग्न ठरलं असतं आणि पुस्तक ३४व्या प्रकरणात संपलं असतं. म्हणजे हे कथानक एलिझाबेथशिवाय दुसऱ्या कुणाला घडूच शकत नाही. तुझ्या सानिकाच्या जागी तिची मैत्रीण ठेवून बघ, गोष्ट तशीच पुढे जाते का? जात असेल तर ॲक्सिडेंटने काही होणार नाही.

ते पत्राचं प्रकरण, ३६वं, तू एकदा वहीत हाताने उतरवून काढ असं मी सांगीन, खरंच, माझा तर हा आवडता उपाय आहे. आदल्या संध्याकाळी डार्सीला तिने नाही म्हटलंय आणि तुम्ही सभ्य माणसासारखे वागला नाहीत असं तोंडावर ऐकवलंय. सकाळी तो बागेत तिच्या हातात पत्र ठेवतो आणि निघून जातो. दोन मोठे कागद, बारीक अक्षरात गच्च भरलेले, पाकिटाची आतली बाजू सुद्धा भरलेली. ती वाचते आणि म्हणते खोटं आहे हे सगळं, घाईघाईने ते ठेवून देते, परत बघायचं सुद्धा नाही असं ठरवते. अर्ध्या मिनिटात परत उघडते. आणि मग ती एक साधी गोष्ट करते, विकमचा चांगुलपणा दाखवणारा एखादा प्रसंग आठवायचा प्रयत्न करते. एकही आठवत नाही. त्याचा चेहरा, आवाज, वागण्यातली मिठास, बस, एवढ्यावरच सगळे गुण तिने त्याला बहाल केले होते. मग एकेक आठवत जातं, पहिल्याच गाठीभेटीत एका अनोळखी मुलीला त्याने घरच्या एवढ्या खाजगी गोष्टी सांगितल्या हे बरं होतं का? मी डार्सीला टाळणार नाही म्हणाला आणि नेदरफिल्डच्या नाचाला आलाच नाही. डार्सी मंडळी तिथे होती तोवर फक्त तिलाच सांगितलं आणि ती निघून गेल्यावर गावभर सांगत सुटला. हे सगळं आपण पण वाचलेलं होतं! आपल्या डोळ्यांसमोर होतं, आपण पण तिच्यासारखेच भुललो होतो. आणि तेव्हा तिला कळतं की मी आजपर्यंत स्वतःला ओळखतच नव्हते.

दोन तास ती त्या रस्त्यावर फिरत राहते. बाहेरून बघितलं तर एक मुलगी हातात कागद घेऊन येरझाऱ्या घालतेय. आणि ६१ प्रकरणांच्या या कादंबरीतली सगळ्यात मोठी घटना ही आहे, यानंतर तीच मुलगी त्याच माणसांकडे बघते पण तिला वेगळंच दिसतं. एडविन म्युअर नावाच्या समीक्षकाने १९२८ मध्ये कादंबऱ्यांचे प्रकार पाडले तेव्हा ज्यात स्वभाव आणि कथानक सुटे करताच येत नाहीत अशा प्रकारासाठी त्याने हीच कादंबरी उदाहरणाला घेतली, ती का घेतली ते या दोन तासांत कळतं.

तू म्हणशील की ताई, पण लिडियाचं पळून जाणं तर बाहेरची घटना आहे ना, तिथे ऑस्टिनने पण ॲक्सिडेंट टाकलाच की. पुष्कळ लोक हे म्हणतात. पण माग काढत जा. लिडियाला विकमची पलटण जातेय त्या ब्रायटनला पाठवू नका असं एलिझाबेथ वडिलांना कळवळून सांगते, आणि मिस्टर बेनेट, ज्यांच्या विनोदावर आपण इतकी पानं हसलोय, ते म्हणतात ती गेली नाही तर घरात शांतता राहणार नाही. त्यांना भांडण नको असतं, पुस्तक घेऊन स्टडीत बसायचं असतं. आई तर लिडियाहून जास्त खूश. आणि विकम कसा आहे हे तोपर्यंत एलिझाबेथ आणि जेन दोघींना माहीत असतं, पण त्या ठरवतात की आता तो जाणारच आहे तर कशाला बोभाटा करायचा. म्हणजे बापाचा आळस, आईचा उथळपणा, लिडियाचं पंधरा-सोळाव्या वर्षीचं वेड, विकमची कर्जं, आणि आपल्या लाडक्या एलिझाबेथचं गप्प बसणं, या सगळ्यांनी मिळून ते घडवलंय. ती बातमी आल्यावर एलिझाबेथला स्वतःचाच दोष दिसतो ते काही उगाच नाही.

योगायोग आहेत, ते मी नाकारत नाही. कॉलिन्सची मालकीण लेडी कॅथरीन नेमकी डार्सीची मावशी निघते. एलिझाबेथच्या मामांच्या कामामुळे तलावांच्या प्रदेशातली सहल आखडती घ्यावी लागते म्हणून डर्बीशायर, आणि मामी तिथल्याच गावात राहिलेली म्हणून डार्सीचं घर पेम्बर्ली, आणि डार्सी ठरल्यापेक्षा नेमका एक दिवस आधी घरी येतो. ऑस्टिन योगायोगाने माणसांना समोरासमोर आणते, पुढे ती काय बोलतील ते मात्र योगायोगावर सोडत नाही. एवढी सूट तू पण घे, बिनधास्त घे. (माझी एक तक्रार आहे ती सांगतेच, डार्सी आपल्याला जास्त करून बदललेला दिसतो, बदलताना नाही दिसत, ते सगळं पडद्यामागे होतं. ओंकारच्या बाबतीत तू हे वेगळं करू शकशील, तुझ्याकडे त्याच्या बाजूची प्रकरणं आहेत.)

आणि शेवटाकडचा तो लेडी कॅथरीनचा भाग तुला आठवतोच. ती गाडी घेऊन लाँगबॉर्नला येते आणि डार्सीशी लग्न करणार नाही असं वचन माग माग मागते. एलिझाबेथ देत नाही. लेडी कॅथरीन जाऊन हे सगळं डार्सीला ऐकवते, आणि त्यामुळेच त्याला आशा वाटते. का वाटते? कारण, तो म्हणतो, तुझा स्वभाव मला एवढा माहीत होता की तुझा ठाम नकार असता तर तू तो तिच्या तोंडावर सांगून मोकळी झाली असतीस. वाच परत ते. एका माणसाला दुसऱ्याचा स्वभाव नीट कळलाय, म्हणून गोष्ट पुढे सरकते. सुरुवातीला स्वभाव न कळल्यामुळे सरकत होती.

तर आता तू काय करायचंस. तुझ्यापुढे चार वाटा मला दिसतात. ॲक्सिडेंट आणि गर्लफ्रेंड या दोन्हींबद्दल सांगून झालं, घोडा कुणी दिला ते सापडलं तर चालतील, नाहीतर नको. तिसरी वाट, आहे तसंच ठेवायचं, शांत कादंबरी म्हणून. त्यातही कमीपणा नाही, काही कादंबऱ्या नुसत्या सहवासावर उभ्या राहतात, पण तू मला लिहिलेल्या पत्रावरून तुला ते नको आहे, तुला ओढ हवी आहे, हातातून न सुटणारी. मग चौथी वाट, ज्यात लागणारा बदल वाटतो त्यापेक्षा खूप लहान आहे. सानिकाला दुसऱ्या प्रकरणात चुकू दे. न जेवता गेला म्हणजे माज आहे असं ती ठरवून टाकू दे. आणि तिला तसं वाटायला हवंय ते का, ते तू शोध, ते मी सांगू शकत नाही, तिच्या आतलं ते तुलाच माहीत. कदाचित त्याच दिवशी कुणीतरी तिच्या नोकरीबद्दल, दिसण्याबद्दल काही बोललं असेल. मग तिच्या मताला दुजोरा देणारं कुणीतरी आण, तिला आवडणारं माणूस, जे खोटं पूर्ण नाही पण अर्धं बोलतं. आणि ओंकारच्या प्रत्येक कृतीचे दोन अर्थ निघतील एवढं बघ, म्हणजे नंतर परत वाचताना वाचकाला आपणच भुललो होतो हे दिसेल.

मोठा कागद घे आणि तुझ्या प्रत्येक प्रकरणासमोर एकच वाक्य लिही, "अमका असा आहे म्हणून तमकं झालं". जिथे "म्हणून" बसत नाही आणि "आणि मग" येतं तिथे खूण कर. सगळीकडेच "म्हणून" हवं असं नाही, पण ओळीने पाच-सहा ठिकाणी "आणि मग" आलं तर ग्रुपला तिथेच कंटाळा आला असणार. जे कुणी असंच अडकलेत त्यांनी पण हे करून बघा, कादंबरी नसली आणि एकच कथा असली तरी चालतं.

आणि डिलीट का नको, ते राहिलं. ऑस्टिनने ही गोष्ट ऑक्टोबर १७९६ ते ऑगस्ट १७९७ मध्ये लिहिली, तेव्हा ती २०-२१ वर्षांची होती, नाव होतं फर्स्ट इम्प्रेशन्स. वडिलांनी एका प्रकाशकाला विचारलं, त्याने न बघताच नकार कळवला. पुस्तक आलं ते जानेवारी १८१३ मध्ये, हक्क ११० पौंडांना विकून, तिने मागितले होते १५०. मधली १५-१६ वर्षं ते बाड तिच्याकडे होतं, आणि तिने स्वतः लिहिलंय की त्याची भरपूर काटछाट केली. छाटायला आधी काहीतरी हवं ना गं. तुझे ४६ हजार शब्द म्हणजे सानिका कशी आहे ते तू स्वतःला सांगितलंस, ते वाया गेलेलं नाही, त्यातलं अर्धं पुस्तकात नसलं तरी तिच्या प्रत्येक चुकीला तेच पुरवठा करणार आहे.

तिसऱ्या प्रकरणात ओंकारचा एक मेसेज आहे, "सॉरी, त्या दिवशी थांबता आलं नाही, नंतर कधीतरी सांगेन". तुझ्या आत्ताच्या ड्राफ्टमध्ये सानिका तो वाचते, हसते आणि झोपते. तो मेसेज तिथेच राहू दे, पण तिला उत्तर न देता फोन पालथा ठेवू दे. आणि मग दोनशे पानांनंतर एका रात्री, सगळं उलटं कळल्यावर, तिला तो परत उघडू दे, वर स्क्रोल करत करत. तेवढं एक पान या आठवड्यात लिही, बाकी कशाला हात लावू नकोस, आणि झालं की मला पाठव.